सातवं पात्र

रविवार, दिवेलागणीची वेळ

ओठावरचा मिशीचा डिंक कालपासून निघत नाही. खोबरेल तेल चोळून झालं, तरी चरचरतंय.

आज ताईला माझी फिल्म दाखवली. सात मिनिटांची, विनोदी, काल मोबाइलवर घरातच काढलेली. मुलगी बघायचा कार्यक्रम. मुलगा, त्याची आई, त्याचा मामा, मुलीचे आईबाबा आणि पोहे आणणारी मुलगी, सहाही जण मीच. गुलमंडीच्या बाजारातून आणलेली मिशी लावून मी मामा झाले आणि म्हणाले, "पोरीला जरा चालून दाखवायला सांगा." मैत्रिणी याच वाक्याला सगळ्यात जास्त हसल्या.

पण वाक्य माझं नाही. वैजापूरहून ताईला बघायला आलेल्या मुलाचा मामा ते तिच्याबद्दल बोलला होता, आमच्याच बैठकीत. ताई चालली. भिंतीपर्यंत गेली, परत आली. नंतर त्यांचा नकार आला. तो किस्सा ताई स्वतःच हसत सांगते, म्हणून घेतला. आधी विचारायला हवं होतं का? हवंच होतं. माहीत होतं मला.

ताई शेवटपर्यंत हसली. मिशी एका बाजूनं सुटते तिथं तर लईच. मग मोबाइल परत देत म्हणाली, "भारी केलंस. मामा, आई, मी, समदे हुबेहूब आलेत. तूच तेवढी कुठं दिसली नाय."

"मी?"

"माझ्या शेजारीच बसली व्हतीस की त्या दिवशी."

होते. ती चालत होती तेव्हा मी मान खाली घालून पोहे खात होते.