उजव्या हाताचा साचा, डाव्या हाताचा साचा

४ नोव्हेंबर, मोताळा
जळगाव जामोदला बिऱ्हाड होतं तेव्हा रविवारी दुपारी मी आणि हे ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलायचो. मध्ये एकच सूप. बोलणं जवळजवळ नाहीच. आज जेवणाच्या टेबलावर बुचं ओतली आणि तसेच समोरासमोर बसलो. आमच्या नीताने पाठवलीत, सासरहून, नाशिकहून, पोतंभर. जावयांच्या हॉटेलात वाइनच्या बाटल्यांची बुचं एरवी केरातच जातात. मी त्यांच्या चकत्या चिकटवून गरम भांड्यांखालच्या बैठका करते.

७ नोव्हें.
कोरडं बूच कापलं की भुगा होतो. म्हणून इडलीपात्रात वाफवली. घरभर आंबूस वास! शेजारची कमल दारातूनच, "काऊन हो काकू, घरीच गाळून राह्यल्या का?" हे म्हणाले, "हाव, तुह्या नवऱ्याले पाठव चाखाले." हसून पुरेवाट.
वाफवलेलं बूच पिकल्या पेरूसारखं कापलं जातं. पण चकत्या वाकड्या, एक जाड, एक पातळ. सुरी घसरली, अंगठ्याला लागलं.
उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात, पकड सुटते. यांना सांगितलेलं नाही. सुरी काढून घेतील. मग दिवसभर मी...

११ नोव्हें.
यांनी साचा केला. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला, हात स्वस्थ बसत नाहीत. लाकडी पट्टीत लांब खाच, बूच त्यात आडवं बसतं. उजव्या टोकाला ठोकळा, बूच त्याला टेकवायचं. ठोकळ्यापासून जरा अलीकडे करवतीने पाडलेली चीर. सुरी त्या चिरेतूनच उतरते, इकडेतिकडे जात नाही. हे कापतात तेव्हा सगळ्या चकत्या सारख्या. शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर टाके पट्टीने मोजायच्या, त्यांनाही खोट काढता आली नसती.
माझ्याच्याने मात्र होईना. चिरेत असूनही सुरी हातातून सुटली. यांनी पाहिलं नसावं. पेपर वाचत होते.

१८ नोव्हें.
टेबलावर दुसरा साचा. ठोकळा डावीकडे. मी म्हटलं, "अहो, हा उलटा झाला की!"
"उलटा नाही, डाव्या हाताचा हाय. चहा गाळताना, पोळी लाटताना, सारं पाहून राह्यलो मी. कधी सांगणार होती, मॅडम?"
रागावले नाहीत. बूच दाबून धरायला जुन्या बॅगेचा पट्टासुद्धा ठोकलाय, म्हणजे उजव्या हाताला कामच नको. डाव्या हाताने एक चकती कापली. सरळ! शाळेतली जुनी प्रार्थना मनातल्या मनात म्हटली, पुरी आठवली नाही तरी.

२६ नोव्हें.
बुलढाण्याला डॉ.ना दाखवलं. मनगटात नस दबली आहे, ऑपरेशन करावं लागेल. दुखणं अंगावर काढल्यामुळे पकड कितपत परत येईल ते आत्ताच सांगता येत नाही म्हणाले. नीता म्हणते, ऑपरेशनला नाशिकला ये. परतताना बसमध्ये यांनी माझा हात धरून ठेवला, मोताळा येईपर्यंत, लोकांदेखत. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. किती मिळालं मला.

२ डिसें.
उद्या निघायचं. हे मला नाशिकला सोडून परत येतील, म्हणून इथे लिहून ठेवते. वही वाचता, माहीत आहे मला.
मोठी गोल बैठक कमलला. कुकर थेट टेबलावर ठेवते ती, टेबलाची दशा झालीय.
षटकोनी रोझीला, अमरावतीला. शाळेत एका बाकावर होतो. नाताळाच्या आधी पोचू दे. फोन करून आधी सांगू नका, तुमच्या पोटात राहत नाही.
लहान चौकोनी तुमच्या चहाच्या कपाला.
उरलेली बुचं पोत्यातच, उंदरांपासून जपा.
डाव्या हाताचा साचा मी बरोबर नेते.
उजव्या हाताचा कमलला द्या, तिला शिकायचंय. पण उसना म्हणून द्या. तसं तिला सांगूनच द्या.