इंग्लंडचा नट, फ्रान्सचे इंजिन

मी, भैयाजी वल्द कवडू लांजेवार, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पूर्वी मिस्त्री, हल्ली खोकणे, राहणार गणेशपेठ, नागपूर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझा मुलगा वसंत याला विचारू नये. त्याचे डोके कचेरीतल्या हेडक्लार्कच्या ताब्यात असते. हा कागद मी कोणाच्या दडपणाखाली केलेला नाही. दडपणाखाली एकदा सही केली, तेवढी जन्माला पुरली.

१. हत्यारे. पारशिवनीच्या पलीकडे गोऱ्यांच्या एका मँगनीज कंपनीची खासगी रेल्वे होती. तिथे मी एकवीस वर्षे काढली. इंजिने तीन, दोन विलायती आणि एक फ्रान्सचे. विलायती जोडी साहेबांसारखीच, आठवड्यातून चार दिवस शेडमध्ये आराम. ओझे ओढी ते फ्रेंच. त्याचे माप मिलिमीटरचे, त्याला इंचाचे पाने लागत नसत. म्हणून मी कुहीच्या लोहाराकडून नऊ पाने घडवून घेतले. ते माझी मुलगी प्रेमलता हिला द्यावेत. वसंतला देऊ नयेत, तो त्यांनी खिळे ठोकील.

२. मॅनेजर हॅलम साहेब. यास माझा तिरस्कार देतो, तो जिवंत असो वा नसो. फ्रान्सला पत्र लिहून नट मागवणे याला कमीपणाचे वाटे. "इंग्लंडचा नट दुनियेत कुठेही बसतो," म्हणायचा. १९१२ च्या मार्च महिन्यात त्याने फ्रेंच इंजिनाच्या ब्रेकच्या दांडीला इंग्लंडचे नट लावायला मला सांगितले. नट तीन आटे गेला आणि अडला. मी म्हटले, "साहेब, नहीं बैठता." तो म्हणाला, "घुमाओ, मिस्त्री!" मला ठाऊक होते की असा नट आटे खातो आणि पुढे निसटतो. तरी पान्याला पाइप लावला आणि घुमवला. अक्कल गहाण टाकायला माणूस गोरा असावा लागतो असे नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी उतारावर ब्रेक सुटला. ड्रायव्हर रुपराव उडी मारून वाचू शकत होते. पण खाली रुळावर बाया खडी टाकत होत्या, म्हणून ते शिट्टी वाजवत इंजिनावरच राहिले. बाया वाचल्या. वळणावर इंजिन उलटले आणि रुपरावांचा डावा पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशीत साहेबाने लिहिले की ड्रायव्हर दारू प्यालेला होता. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. रुपरावांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. त्यांची नोकरी गेली, गावाने दारूबाज ठरवले, आणि मी हेड मिस्त्री झालो. साहेबाचा तिरस्कार करणे सोपे आहे. मी रोज दाढी करताना आरशात पाहतो, तो माणूस जास्त हलकट आहे.

३. मेहुणे वामनराव. काही नाही. सगळे ठाऊक असून बढतीचे पेढे मागायला आले होते.

४. घर. हे मी रुपरावांना द्यायला गेल्या महिन्यात पारशिवनीला गेलो. त्यांच्या पत्नी जयवंताबाई दारातच म्हणाल्या, "आता काहून आले गा? सव्वीस वर्सं तोंडात काय धरलं होतं?" मी घराचे बोललो. खाटेवरून रुपराव म्हणाले, "मले तुमचं घर नाही पाहिजे, भैयाजी. लोकं अजूनई मले पाहून हसून राहिले. त्याइले सांगा."

सबब घर वसंतला मिळेल, पण माझ्या तेराव्यानंतरच्या पहिल्या आठवडी बाजारात, पारशिवनीला, त्याने कलम दोन उभे राहून मोठ्याने वाचल्यावरच. कोट घालून गेला तरी चालेल. "माझा बाप खोटे बोलला" हे वाक्य त्याने वरून स्वतःचे म्हणून जोडावे. लाज वाटल्यास घर प्रेमलताचे. ती वाचीलच, तिला सांगावे लागणार नाही.

५. माझ्या अंत्ययात्रेला कंपनीचा माणूस आल्यास त्याला खांदा देऊ देऊ नये.

हे सर्व माझ्या हाताने लिहिले, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

नागपूर, ता. १४ मे १९३८
भैयाजी कवडू लांजेवार

साक्षीदार:
१. गिरिधर नारायण पाध्ये, वकील, धंतोली.
२. रुपराव वल्द डोमा ठवकर, पारशिवनी. मी दारू पेलो नाही. त्या रोजबी पेलो नव्हतो.