अकरा खुणांचा अर्ज

थॉर्नबँक, स्केलगार्थ खोरं
रविवार, १६ एप्रिल १९६१

प्रिय एडिथ,

आधी आली ती मिस कॉर्बेट, खासदारसाहेब नंतर. पोस्टातली डायना उलटंच सांगत फिरतेय, की आधी मोटार आली आणि ही बाई मागून धावत आली म्हणे. डायनाचं ऐकू नकोस. कालच्या नाही, त्याआधीच्या शनिवारी मी स्वतः दारात उभी होते, एका हातात दुधाची बाटली आणि काखेत अशक्त कोकरू. मिस कॉर्बेट सायकल ढकलत चढण चढून आली, बुटांना चिखल, आणि आल्या आल्या काय विचारावं? "टॅमरबाई, पोत्यातलं मांजर तुमच्याकडे कधीपासून आहे?" मी म्हटलं, बाई, आमच्याकडे एकच मांजर आहे आणि ते चुलीपुढे झोपलंय.

ही मिस कॉर्बेट म्हणजे ती लंडनची, प्राण्यांवरून आलेल्या म्हणी गोळा करणारी. डायनाकडे भाड्यानं राहते. कोण काय म्हणतं, का म्हणतं, कधीपासून म्हणतं, सगळं वहीत. एवढी शिकलेली बाई आणि आमच्या तोंडाकडे अशी बघत बसते जणू आम्ही बायबल सांगतोय. गुपित फुटलं की मांजर पोत्यातून सुटलं असं आपण म्हणतो ना, त्याचं मूळ तिला हवं होतं. तुझे आजोबा म्हणाले, पूर्वी जत्रेत डुकराचं पिल्लू म्हणून पोतं विकायचे आणि घरी जाऊन सोडलं की आत मांजर. मिस कॉर्बेट म्हणाली, पुस्तकंही असंच सांगतात, पण खरं कुणालाच ठाऊक नाही. त्यावर हे म्हणाले, "ज्याला डुक्कर आणि मांजर पोत्यावरून ओळखता येत नाही, त्यानं जत्रेला जाऊच नये." तिनं तेही लिहून घेतलं!

मग माझी पाळी. ज्याचं चित्त थाऱ्यावर नसतं तो लोकर वेचत बसलाय असं का म्हणतात? अगं, मी वेचलीय ना! सात वर्षांची असल्यापासून. कुंपणाच्या काट्यांना, दगडी बांधांना मेंढ्यांची लोकर अडकून राहते. ती काढत इथून तिथं, तिथून कुठंही, वाट अशी नाहीच. संध्याकाळी झोळी भरलेली आणि शाळा बुडालेली. मी असली अडाणी राहिले ती त्या लोकरीपायी. हे ऐकून मिस कॉर्बेटच्या हातातली पेन्सिल थांबली आणि तिनं माझ्या हातांकडे असं बघितलं, की मला ते एप्रनखाली लपवावेसे वाटले. नंतर मात्र मनात आलं, लपवायचे कशाला? तिनं वही आजोबांपुढे धरली, नीट उतरवलंय का बघा म्हणून. हे म्हणाले, "चष्मा गोठ्यात राहिला." वही माझ्याकडे आली. मी आपली बोट फिरवत फिरवत वाचली.

एवढ्यात मोटार. खासदारसाहेब म्हणजे मिस्टर हॅझल्डीन, चाळिशीचे असतील, कान थंडीनं लाल. डोंगराचं तुला मागच्या पत्रात कळवलंच होतं. लंडनच्या कुठल्याशा खात्याला आपला अख्खा डोंगर तारेनं बंद करून त्यावर पाइनची झाडं लावायचीत. त्याविरुद्धचा अर्ज मीच लिहिला, माझ्या हातानं. तो यंत्रावर छापलेला चालत नाही, खाडाखोडही चालत नाही. चार कागद फाडले मी! मिस कॉर्बेट शेजारी बसून स्पेलिंग सांगायची. शेवटी तर 'आम्ही आपल्यासाठी सदैव प्रार्थना करू' असं लिहावंच लागतं, जुनी रीत आहे. हे म्हणाले, "आधी डोंगर सोडा म्हणावं, मग बघू प्रार्थनेचं." ते नाही लिहिलं.

तर साहेब आले ते तोच अर्ज हातात घेऊन. परत आला होता! का म्हणशील, तर आपल्या अकरा वाड्यांनी खाली सह्या केल्याच नव्हत्या. प्रत्येकानं मेंढरांना लावायच्या लाल रंगात बोट बुडवून आपापल्या कळपाची खूण काढलेली. बर्केटांचे दोन पट्टे, आपला पट्टा आणि ठिपका, असं सगळं. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही गं. या खोऱ्यात जॉन बर्केट तीन आहेत, पण दोन पट्टे एकाच घराचे. आजवर कुणी नाव विचारलंय? साहेब म्हणाले, "तिथल्या कारकुनांनी हात टेकले. त्यांना वाटलं कागदावर कोंबडी नाचली." नियम असा, की ज्याला लिहिता येतं त्यानं स्वतःच्या हातानं नाव लिहायचं. आणि दोनची गाडी धरून त्यांना अर्ज घेऊन निघायचं होतं, कारण खात्याचा निकाल लगेच पुढच्या आठवड्यात ठरणार होता. साडेअकरा वाजलेले. दिवस मेंढ्या विण्याचे. दहा वाड्यांची माणसं सगळी वर डोंगरावर, त्यांना हाका मारून खाली आणायला संध्याकाळ झाली असती.

मी विचारलं, मग आता? ते म्हणाले, "अर्जाला एक माणूसही पुरतो, टॅमरबाई. एकाचा अर्जसुद्धा सभागृहाला घ्यावाच लागतो." मला खरंच वाटेना. एकाचा? जिथं राण्या येऊन भाषणं वाचतात, तिथं एका माणसाचा कागद? आजोबांनी तर तोंडावर सांगितलं, "हे बघ लेका, मी तुला मत दिलेलं नाही. पुढेही देणार नाही." साहेब हसले. म्हणाले, "मी कुठं विचारलं? कागद द्या." मग त्यांनीच एक विचारलं, की इथून मेंढ्या हलवून दुसरा डोंगर दिला, तर काय बिघडलं? यांनी त्यांना खिडकीशी नेलं. म्हणाले, "वर कुठं कुंपण दिसतंय? नाही ना? तरी माझी मेंढी बर्केटांच्या उतारावर जात नाही. तिला तिच्या आईनं दाखवलं, आईला तिच्या आईनं. माझ्या खापरपणजोबाच्या आधीपासून. दोन वर्षं त्यांना इथून काढा, की दाखवणारी आईच उरणार नाही. मग परत डोंगर दिलात तरी तो नुसता डोंगर." साहेब खिडकीची काच पुसून उभे राहिले. कितीतरी वेळ वर बघत होते. मीही बघितलं, एडिथ. रोज बघते, पण त्या दिवशी ते पांढरे ठिपके एकेक करून मोजत राहिले.

मी माझं नाव लिहिलं. टॅमर मौन्सी. जीभ बाहेर काढून लिहिते मी, तुला माहीत आहे. मग पेन यांच्याकडे दिलं. घेईनात. म्हणाले, "माझी खूण आहे की तिथं." साहेब समजावू लागले, की लिहिता येणाऱ्याची खूण धरत नाहीत, फक्त ज्याला येत नाही त्याची चालते, तीही दोन साक्षीदार असतील तर. मी म्हटलं, "एफ्रेम, लिही की नाव, गाडी जाईल त्यांची!" हे टेबलाकडे बघत होते. मग टोपी काढली, जी एरवी फक्त चर्चमध्ये निघते. घरात, स्वयंपाकघरात, टोपी काढली. आणि म्हणाले, "म्हणजे माझी खूण चालेल. घ्या साक्षीदार."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी खुर्चीत बसले. पन्नास वर्षं! रोज जेवणानंतर हा माणूस पेपर उघडून बसतो, पानं उलटतो, हुं हुं करतो आणि मला बातम्या सांगतो. त्या बाजारात ऐकलेल्या, नाहीतर रेडिओवरच्या. आमच्या लग्नात उजव्या हाताला हे भलंमोठं फडकं. मेंढ्यानं शिंग मारलं म्हणे, म्हणून चर्चच्या वहीत फुली. कसलं शिंग नि कसलं काय! निवडणुकीला सगळ्यांत आधी जाऊन उभे राहतात ते का, तर तिथं फुलीच लागते. आणि पहिल्या लढाईत यांनी फ्रान्समधून धाडलेली ती पत्रं, माझ्या बिस्किटाच्या डब्यातली? मी पाहुण्यांसमोरच ओरडले, "ती कुणी लिहिली?" म्हणाले, "पलटणीतल्या विल्फनं. अक्षर त्याचं. शब्द माझे." खासदारसाहेब एकदम छताकडे बघू लागले.

राग यायला हवा होता ना मला? आला, दोन दिवसांनी आला, चांगला भांडी आपटण्याएवढा. पण त्या क्षणी मी नुसती बघत राहिले. या माणसाच्या डोक्यात तीनशे मेंढ्या आहेत, त्यांच्या आया, त्यांच्या आज्या. चर्चमधली सगळी गाणी तोंडपाठ, भावकीतलं प्रत्येक मरण तारखेसकट. एक अक्षर न लिहिता सगळं वागवलं, आणि मला पत्ता लागू दिला नाही. मी त्यांना डोंगराएवढं ओळखते असं समजत होते.

मिस कॉर्बेटनं आणि साहेबांनी खुणेखाली साक्ष घातली. बाकीच्या दहा खुणा तशाच राहिल्या, मोजल्या मात्र नाहीत. संध्याकाळी बर्केट बांधापलीकडून ओरडला, "म्हातारबा, अख्ख्या खोऱ्यात नीट सही करता आली ती तुलाच!" हे म्हणाले, "मग? तुझ्यासारखा शिकून वाया नाही गेलो मी." म्हणजे बघ, खोऱ्यात सगळ्यांना कळलंय. यांनीच सांगितलं.

शुक्रवारी मिस कॉर्बेटचं पत्र आलं. ती लंडनला, सभागृहाच्या वरच्या गॅलरीत बसायला गेली होती. म्हणते, सोमवारी साहेब उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, स्केलगार्थचे एफ्रेम आणि टॅमर मौन्सी यांचा नम्र अर्ज. आपली नावं, एडिथ, त्या सभागृहात! मग ते चालत सभापतींच्या खुर्चीमागे गेले. तिथं एक हिरवी पिशवी टांगलेली असते, तीत अर्ज टाकला. संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, निम्मे लोक उठून चहाला गेले होते. पण आता खात्याला उत्तर द्यावं लागेल, आणि ते मिळेपर्यंत तार लावायची नाही असं साहेबांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. मी हे पत्र यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. यांनी ते तीनदा वाचायला लावलं आणि मग कागद माझ्या हातातून घेऊन स्वतःचं नाव कुठं आहे ते विचारलं. मी दाखवलं. त्यावर अंगठा ठेवून बसले. अंगठ्याला अजून लाल रंग होता.

आता कशासाठी लिहितेय ते सांगते. काल मी चुलीपाशी कोकराला दूध पाजत होते, तर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "अक्षरं असतात तरी किती?" मी म्हटलं, सव्वीस. "बस? मला वाटलं शेकड्यांनी असतील." मग बराच वेळ खाकरले आणि म्हणाले, "एडिथला विचार. तू शिकवू नकोस, तू हसशील." खात्याचं उत्तर छापून येणार, डोंगर राहिला की गेला ते त्यात असणार, आणि ते यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाहीये. हो असो, नाही असो, स्वतः वाचायचंय. तू कार्लाइलला तीस पोरांना शिकवतेस, आपल्या घरातलं हे एक तेवढं राहिलंय. शनिवारच्या बसनं ये. बदकांची नि सशांची चित्रं असलेली पुस्तकं आणू नकोस, मेंढीचं चित्र चुकलेलं दिसलं तर त्यावरच भांडत बसतील. आणि लग्नातल्या फडक्याचं नि फ्रान्सच्या पत्रांचंही मी तुला कळवलंय म्हणून लाजतील, तर त्यातलं तुला काही माहीत नसल्यासारखं कर. दिवस थोडेच आहेत. उत्तर घेऊन साहेब आणि मिस कॉर्बेट दोघं शुक्रवारी, बारा मेला, चहाच्या वेळेला येतो म्हणालेत.

तुझीच, अजून पुरती न सावरलेली,
आजी टॅमर