शार्दूळची पहिली चावी

१२ एप्रिल, सकाळ
कंपनीने जाहीर केलं. शार्दूळ ४५० ही नवी मोटरसायकल येणार. व्हिडिओ पाच वेळा पाहिला. सहाव्यांदा पाहत होतो तेव्हा बायकोने, सुलक्षणाने, गॅस बंद करा म्हणून हाक मारली. दूध गेलं होतं.
निर्णय झाला आहे. खान्देशातली पहिली शार्दूळ माझी. धरणगावच्या हायस्कूलमधला हेडक्लार्क अशी माझी ओळख आहे. ती यापुढे फक्त ऑफिसात राहील.
लगेच जितेंद्रला फोन केला. जळगावच्या गिरणाकाठ ऑटोचा सेल्स मॅनेजर. माझं आणि त्याचं नातं वेगळं आहे. तो म्हणाला, भाऊ, तुमच्याशिवाय पहिली चावी द्यायची कोणाला? तारीख मात्र अजून ठरायची आहे. तारखेचं मला काही नाही. शब्द मिळाला.
घरी सांगायचं नाही. सरप्राइज.

१४ एप्रिल
जुनी गाडी गिरणाकाठमध्येच सर्व्हिसिंगला टाकली. नवीन येईपर्यंत जुनीची इज्जत राखायला हवी. संध्याकाळी मिळेल असं काउंटरवरच्या मोनाली मॅडमने सांगितलं. संध्याकाळी सांगितलं, उद्या. बसने आलो.

२० एप्रिल
गाडी नाही. एक पार्ट कंपनीकडून यायचा आहे. चांगली कामं वेळ घेतात.
रोज सकाळी सुलक्षणाला मीच तिच्या शाळेवर सोडायचो. जिल्हा परिषदेची शाळा, फाट्यापासून आत. आता ती बसने फाट्यापर्यंत जाते आणि पुढे उन्हात चालते. आज आली ती सरळ माठापाशी गेली. तीन फुलपात्रं पाणी प्यायली. म्हणाली, आपण एक स्कूटर घेऊ या का. मी हसलो. तिला काय माहीत पुढे काय येणार आहे.

२९ एप्रिल
शोरूममधून मोनाली मॅडमचा फोन. मला वाटलं गाडी झाली. तसं नव्हतं. आमच्या सर्व्हिसवर तुम्ही समाधानी आहात का, दहापैकी किती मार्क द्याल, असं विचारत होत्या. गाडी अजून तुमच्याकडेच आहे, असं मी हळूच म्हटलं. त्या म्हणाल्या, हो सर, पण फॉर्म आज बंद करायचाय, नाहीतर माझ्या पगारावर येतं.
दहा दिले. घरच्या माणसांचे मार्क कापायचे नसतात.

५ मे
सुट्टी लागली. शनिवारी जळगावला गेलो. सोबत निंबाला घेतलं. निंबा आमच्या हायस्कूलचा क्रीडाशिक्षक, भिंतीला भिंत लावून शेजारी. बिचाऱ्याला गाड्यांमधलं काही कळत नाही. शार्दूळचे सगळे व्हिडिओ मीच त्याला पाठवतो. आज शोरूममध्ये त्याला टॉर्क म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आजूबाजूची दोन गिऱ्हाइकंही थांबून ऐकत होती. एक जण मला कंपनीचा माणूस समजून मायलेज विचारू लागला. जितेंद्र कौतुकाने पाहत होता.
जाताना जितेंद्रने मोबाईलवर लिंक पाठवली, भाऊ बुकिंग करून टाका म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लिंक बिंक बाहेरच्या लोकांसाठी. आपल्यात शब्द झाला आहे. तो पुन्हा म्हणाला, तरी करून टाका. किती काळजी करतो माणूस. सुलक्षणाने केलेले बिबड्याचे पापड त्याच्या घरी दिले.
जुन्या गाडीचं विचारायचं राहून गेलं.

११ मे
रायडिंग ग्लोव्हज आले. घरात घालून बसलो, म्हणजे सैल होतील. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. हातांना घाम आला. रायडरला येतोच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, हात भाजले का.

१६ मे
मोठी गंमत. सकाळी डोळा उघडला तर सुलक्षणा आरशासमोर माझं हेल्मेट घालून उभी. पट्टा लावून पाहत होती. मी झोपेचं सोंग घेतलं. म्हणजे तिला सुगावा लागला आहे आणि ती मागच्या सीटची तयारी करते आहे. डोळ्यांत पाणी आलं. सतरा वर्षांचा संसार आहे शेवटी.
मग ती निंबाच्या बायकोकडे, दिपमालाकडे गेली. रोज सकाळी जाते हल्ली. योगासनं असावीत. कोपर खरचटलेलं दिसलं. या वयात आसनं जपून करावीत. सांगणार होतो, पण व्हिडिओ लागला होता.

२५ मे
शार्दूळ लांबली. जूनअखेर म्हणतात. चांगल्या गोष्टींना घाई नको. जितेंद्रने पुन्हा लिंक पाठवली. मी उत्तरादाखल थम्सअपचा अंगठा पाठवला.
जुन्या गाडीचा पार्ट दिल्लीहून निघाला आहे.

७ जून
शोरूमला टीझर होता. मोठ्या पडद्यावर शार्दूळचा फक्त हेडलाइट दाखवणार. मी दुपारच्या बसने गेलो. पहिल्या रांगेत बसलो. मोबाईल सायलेंट केला, अशा प्रसंगी फोन वाजणं शोभत नाही.
बाहेर आलो तर सुलक्षणाचे नऊ मिस्डकॉल. आबांना चक्कर आली होती. ओट्यावरून उठताना पडले. शेजारी निंबा नाही, रिक्षा मिळेना.
संध्याकाळी घरी पोचलो तर आबा खाटेवर, कपाळाला पट्टी. शुगर उतरली होती म्हणे. आता बरं आहे. मी पाणी विचारलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सून लई गई माले दवाखानामा. गाडी चालाडीसन. तू कोठे व्हता?"
उत्तर देण्याची ती वेळ नव्हती. हेडलाइटचं त्यांना काय सांगणार.

८ जून
झोप नाही. आबांना नेलं ते सुलक्षणाने, दिपमालाच्या स्कूटरवर, मागे बसवून, स्वतःच्या कमरेला ओढणीने बांधून. म्हणजे तिला स्कूटर येते. म्हणजे योगासनं नव्हती.
मी तिला विचारलं, माझ्यापासून का लपवलंस. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.
"लपवलं नाही. रोज तुमच्यासमोर हेल्मेट घेऊन निघाले. तुम्ही विचारलं नाही."
माणसाने घरात कोणावर विश्वास ठेवायचा? आबांजवळ बसलो जरा. त्यांनी पाय चेपायला पुढे केले. बराच वेळ चेपले.

२८ जून
तारीख आली. ६ जुलै. जितेंद्रचा मेसेज: भाऊ, कार्यक्रमाला नक्की यायचं. 'नक्की' या शब्दाचा अर्थ जाणकाराला कळतो.
मनाला उभारी आली. दोन मिनिटांचं भाषण तयार केलं. सुरुवातीला आबांचा उल्लेख, मग सुलक्षणाचा, तिच्या चुकीसह मोठ्या मनाने. शेवटी तरुणांना संदेश.
सुलक्षणाला शेवटी सांगून टाकलं. तिने विचारलं, बुकिंग केलंय ना. मी म्हटलं, शब्द आहे. ती माझ्याकडे आबांसारखी पाहू लागली.

६ जुलै, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.
नवा शर्ट. ग्लोव्हज खिशात. शोरूमला फुगे, ताशा. शार्दूळ लाल कापडाखाली. निंबा आणि दिपमालाही आले होते. माझ्यासाठी एवढ्या लांब आले म्हणून मी निंबाला मिठी मारली. तो अवघडला. जितेंद्रने माईक घेतला. खान्देशातली पहिली शार्दूळ, म्हणाला, जात आहे धरणगावला.
मी उठलो. शर्टची बाही ओढली.
धरणगावचे आपले क्रीडाशिक्षक, म्हणाला.
मी उभाच होतो. मागच्या माणसाने बसा म्हटलं. निंबा माझ्या समोरून गेला, मान खाली घालून. दिपमालाने गाडीला कुंकू लावलं. टाळ्या वाजत होत्या. मीही वाजवल्या. ग्लोव्हज का घातले होते आठवत नाही, पण त्यामुळे आवाज आला नाही.

७ जुलै
काही लिहायचं नाही.

८ जुलै
निंबा सकाळी पेढे घेऊन आला. मी आंघोळीत असल्याचं आतून सांगितलं. आबांनी दोन पेढे घेतले. त्यांना शुगर आहे. विश्वासघाताला किती बाजू असतात.

१० जुलै
जळगावला गेलो. हिशेब चुकता करायचा ठरवलं होतं. वाक्यं बसमध्ये पाठ केली. जितेंद्रने खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहा नको म्हटलं. मग घेतला.
विचारलं, शब्दाचं काय झालं. तो खरोखर गोंधळलेला दिसला. म्हणाला, तुम्हाला चार वेळा लिंक पाठवली. निंबा सर तुमच्यासोबत आले त्याच संध्याकाळी त्यांनी बुकिंग केलं. ते म्हणत होते, तुम्हीही केलंच असेल. मी म्हटलं, मला वाटलं ती लिंक तू सगळ्यांना पाठवतोस, आपलं वेगळं आहे. तू मला भाऊ म्हणतोस.
जितेंद्र खाली पाहत म्हणाला, "भाऊ तर मी सगळ्यांनाच म्हणतो, भाऊ."
बाहेर कार्यक्रमातला एक फाटका फुगा गेटला लटकत होता. मी विषय बदलून जुनी गाडी मागितली. तो मला मागे वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. गाडी कोपऱ्यात, सीटवर कोणाचा तरी डबा. कार्बोरेटरची जागा रिकामी. कुठे गेला म्हटलं. तर पाचोऱ्याच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बसवला. त्याला लग्नाला जायची घाई होती, ओरडत होता फार. तुम्ही घरचे, तुमचा काही त्रास नसतो, म्हणून तुमच्या गाडीचा काढला. दिल्लीचा पार्ट तेव्हापासूनचा.
आयुष्यात पहिल्यांदा मी शोरूममध्ये आवाज चढवला. काय बोललो ते नीट आठवत नाही. मोनाली मॅडम उठून उभ्या राहिल्या. जितेंद्र म्हणाला, आठवड्यात करून देतो, पदरचा खर्च. पाचोऱ्याचा माणूस पहिल्याच दिवशी ओरडला होता. मला तीन महिने लागले.
बसमध्ये खिडकीशी बसलो. दोन्ही बाजूंना कपाशी. दहापैकी दहा दिले होते मी.

१५ जुलै
दारात स्कूटर. राखाडी. हार घातलेला. सुलक्षणाची. तिच्या पगारातून, तिच्या नावाने, गिरणाकाठमधून नाही. धुळ्याला तिच्या भावाकडे जाऊन घेतली आणि दिपमालासोबत चालवत आणली. एवढा हायवे. मला कोणी काही सांगितलं नाही.
म्हटलं, एका शब्दाने विचारायचं. ती म्हणाली, एप्रिलमध्ये विचारलं होतं, तुम्ही हसलात. एवढंच. भांडली नाही. भांडली असती तर बोलता आलं असतं.
रात्री जेवताना विषय काढला, स्कूटरचे तांत्रिक दोष सांगणार होतो. ती शाळेतलं सांगत होती. आता फाट्यावरून चालावं लागणार नाही, तर सकाळी लवकर पोचून चौथीच्या दोन पोरींना वाचायला बसवणार. ऊन लागल्यावर डोकं दुखायचं, गोळी घ्यावी लागायची, तेही थांबेल. गोळीचं मला माहीत नव्हतं. शाळा असली की रोज घेत होती म्हणे. एप्रिलपासून.
दोष राहू दिले.

२३ जुलै
जुनी गाडी आली. चालते. आवाज वेगळा आहे.
आज निंबाशी बोललो. शाळा सुटल्यावर तोच आला ऑफिसात. म्हणाला, सर, मला खरंच वाटलं तुमचंही बुकिंग झालंय. दोघं मिळून जाऊ असं वाटलं होतं. मग शार्दूळची चावी टेबलावर ठेवली. एक चक्कर मारा म्हणाला. तुमच्याशिवाय मला ही गाडी माहीत तरी झाली असती का.
मन मोठं केलं. ग्राउंडवर अर्धी शाळा अजून होती. दहावीची पोरं गोळा झाली. मी ग्लोव्हज घातले. पाय टाकून बसलो आणि निंबाने स्टँड काढला.
सीटच्या उंचीचं कोणी बोललंच नव्हतं. टॉर्क मला तोंडपाठ आहे, हॉर्सपॉवर तोंडपाठ आहे. उंची ब्रोशरमध्ये मागच्या पानावर आहे म्हणे. निंबा सहा फुटी. माझ्या बुटांचे चवडे हवेत होते. डाव्या बाजूला जमीन शोधली, मिळाली नाही. उजवीकडे शोधायला गेलो तेवढ्यात गाडी झुकली, आणि मी तिच्यासोबत अगदी सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल असा, खाली गेलो.
कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं. निंबाने आधी मला उचललं, मग गाडीला. आरसा गेला. भरून देतो म्हटलं तर त्याने हात धरला, काही नको म्हणाला. घोटा सुजला होता. जुन्या गाडीची किक मारता येईना.
गेटवर बसून राहिलो. मनात ठरवत होतो की कोणाला फोन करायचा नाही, चालत जाऊ. तेवढ्यात राखाडी स्कूटर आली. निंबाने दिपमालामार्फत कळवलं असणार. सुलक्षणा तिच्या शाळेतून परस्पर आली होती, पर्स गळ्यात, हाताला खडू. तिने घोटा पाहिला. विचारलं काही नाही. आधी दवाखाना, मग घर, एवढंच म्हणाली.
मी मागे बसलो. कमरेला कुठे धरावं कळेना, म्हणून स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवले. पोरं अजून पाहत होती. तिने स्कूटर सुरू केली आणि मान जरा मागे वळवली.
"पाय वर घ्या," म्हणाली.
घेतले.