तोच कशावरून?

३ जून, सोमवार
आईला दवाखान्यातून घरी आणून बारा दिवस झाले. आजही म्हणाली, "दिसतोस हुबेहूब. पण तू तो नव्हेस." बाकी सगळं तिला नीट कळतं — शेजारच्या काकू, गॅस, वार, तारीख. फक्त मी नाही. तिचा ताप मेंदूत गेला होता. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका.

मी घातला! गुडघ्यावरचा व्रण दाखवला. शाळेचा दाखला दाखवला. लहानपणी कपाटात लपून झोपलो होतो, ते सांगितलं.

"पढवून पाठवलंय तुला," म्हणाली. "चांगलं पढवलंय हं!"

४ जून
मी जो पुरावा देईन, तो चांगल्या तोतयाकडेही असणारच.

५ जून
कारखान्यात दिवसभर बोल्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून तपासतो. गेज बरोबर आहे का, ते मास्टर गेजवर पाहायचं. आज सुपरवायझरला विचारलं — मास्टर बरोबर कशावरून?

"तुझं डोकं तपासायला कुठलं गेज आणू रे?"

सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन आरशात पाहिलं. मी तोच, हे मला तरी कशावरून ठाऊक? आठवतं म्हणून. आणि आठवण कशावर तपासायची?

७ जून
आई जेवत नाही, असा काकूंचा निरोप आला. जेवणाच्या सुट्टीत फोन केला. "आई, दोन घास खा ना."

"अरे राजा, तू! आहेस कुठे? किती दिवस झाले!" — रडली. मग हळूच, "इथे एक जण राहतो. वाईट नाही बिचारा. गोळ्या वेळेवर देतो. भाजीत मीठ तेवढं विसरतो."

"उद्याही याच वेळी फोन करतो," म्हणालो. डबा तसाच परत आणला. आई मात्र जेवली.

१० जून
रोज एक वाजता फोन. नुसता आवाज ऐकला की मी तिचा मुलगा. अर्धा तास बोलते. घरी पोचलो की भिंतीकडे तोंड. त्या फोनवरच्याचा हेवा वाटतो मला!

१३ जून, दुपार
"तो घरात असतो तेव्हा तुझा फोन कधीच येत नाही," आई कुजबुजली. "मी रोज बघतेय."

बरोबरच बघतेय! कुठेही चूक नाही.

"त्यानंच तुला अडवून ठेवलंय ना? खरं सांग."

खरं सांगितलं तर फोनवरचाही जाईल. "आज येतो," म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

१३ जून, संध्याकाळ
आई पिशवी भरून, चपला घालून दारात बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाजूला हो," म्हणाली. "रस्ता दिसत नाही. माझा मुलगा येतोय."