चार पावलं पुढे

रविवार, २१ जानेवारी १९७३
नगर

पाय ठणकतोय, पण लिहायचंय ते दुसरंच. लग्नाला वर्ष होत आलं, रस्त्यात हे कायम माझ्या चार पावलं पुढे. वळून बघणं नाही. काल यांच्या मित्रमंडळींबरोबर रतनगड चढलो, तेव्हाही तसंच. रात्री गुहेत मी कुडकुडत होते आणि हे आपले मफलर गुंडाळून बसलेले.

आज उतरताना माझा पाय मुरगळला. पुढे गेलेले हे पळत मागे आले. तोच मफलर सोडून माझ्या घोट्याला आवळून बांधला आणि सगळ्यांदेखत हात धरला. वाटेत गवताचा भारा घेतलेली म्हातारी यांना म्हणाली, "नीट धर की रं. तुजीच बायकू हाय न्हवं?" यांचे कान लाल झाले, पण हात काढला नाही.

वाटलं, नगरला एसटीतून उतरलो की पुन्हा पुढे. तर घरापर्यंत शेजारून, माझ्या चालीने. दारात सासूबाई उभ्या होत्या, तरीसुद्धा. "सांगत होते, नको जाऊस," म्हणत हळदीचा लेपही त्यांनीच लावला.

मफलर अजून माझ्याकडेच आहे. सूज उद्यापर्यंत उतरेल. मंगळवारी दोघांना बाजारात जायचंय. थोडं लंगडतच जाईन म्हणते.