डाव्या खांद्याची रायफल

१२ सप्टेंबर

डोळ्यांची डॉक्टरीण माझ्या लेकीच्या, ब्रिटाच्या वयाची. म्हणाली, "उजव्यात मधोमध डाग आहे, तो वाढत जाणार. डाव्यातही सुरुवात झालीय. आता बंदूक वगैरे नको." वगैरे! मोंटानात जन्मून बंदुकीला 'वगैरे' म्हणते! आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं म्हणतात. माझ्या बाबतीत देवाने हिशेब उलटा धरलेला दिसतो.

घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. बायको, मर्ना, म्हणाली, "एवढंच?"

एवढंच.

१४ सप्टेंबर

प्रश्न डोळ्याचा नाहीच. प्रश्न खिंडीतल्या जागेचा आहे. दर हंगामात आमचा हाका निघतो. बाकीचे खालच्या दाट झाडीतून ओरडत वर येतात, एल्क हरणं पुढे पळतात, आणि घरातला सगळ्यात मोठा पुरुष वर खिंडीत ओंडक्याला टेकून बसतो. आजोबा बसले, वडील बसले, आता मी. माझ्यानंतर कोण? मर्नाचा भाऊ, लायल! तो माझ्या म्हातारपणाकडे, लग्नातल्या भुकेल्या पाहुण्याने पंगतीकडे बघावं तसा बघतोय. डोळ्याचं कळलं तर तो खिंडीत बसेल आणि मी तळावर घेवडा शिजवीन.

तेव्हा कळणार नाही.

१५ सप्टेंबर

तोडगा सापडला! डाव्या खांद्याला रायफल लावायची, डाव्या डोळ्याने बघायचं. पण माझ्या जुन्या रायफलीचा काडतूस चढवायचा खटका उजवीकडे. डाव्या खांद्यावरून तो ओढायचा म्हणजे स्वतःच्याच डोक्याला वळसा घालून कान खाजवणं. लिव्हरच्या रायफलीचं तसं नाही. लिव्हर बुडाशी, मधोमध; ती खाली ओढून परत लावली की काडतूस नळीत चढतं. डावा-उजवा भेद नाही. आणि नळी जाड घ्यायची. लांबचं दिसत नाही ना? मग जवळचं असं झोपवायचं की पुन्हा बघायची गरजच नको.

नाचता येईना अंगण वाकडं. मी शहाणा, नवीन अंगणच विकत घेतोय.

१९ सप्टेंबर

वेंडेलच्या दुकानात गेलो. हा माणूस बंदुका विकत नाही, मुली दाखवतो. पहिली आठ कोनी लांब नळीची, पितळेने मढवलेली. "काय देखणी आहे, बघ!" देखणी आहे, पण ती खांद्यावर घेऊन डोंगर चढायला सोबत गाढव लागेल. दुसरी पोलादी, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, अंगावर दिवे-दुर्बिणी अडकवायला पट्ट्याच पट्ट्या. म्हणे समुद्रात पडली तरी गंजत नाही. इथून समुद्र गाठायला पूर्ण दिवस गाडी चालवावी लागते! तिसरी वापरलेली, आखूड, अक्रोडाच्या लाकडाची, पंचेचाळीस-सत्तर मापाची. काडतूस माझ्या अंगठ्याएवढं.

"एल्क मारायचाय ना तुला?" वेंडेल म्हणाला. "की मालगाडी थांबवायचीय?"

मी म्हटलं, जे आधी येईल ते.

मग त्याने गोळ्यांवर प्रवचन दिलं. "चपट्या नाकाचीच घे. काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपतात. टोकदार घेतलीस तर मागचीचं टोक पुढचीच्या बुडाला टोचतं, आणि मग तुझ्या हातातच दिवाळी." म्हणजे चार जुलै म्हणाला तो, पण अर्थ तोच.

खांद्याला लावून बघितली. डाव्या. वेंडेलने भुवई उचलली, पण विचारलं नाही. दुकानदार शहाणा असतो.

२० सप्टेंबर

घेतली. तिसरीच.

२८ सप्टेंबर

खडीच्या खाणीत सराव. एक बार काढला आणि डावा खांदा माझा राहिला नाही. खोक्यावर कागदी ताटली लावली होती. पहिल्या गोळीला ताटली शाबूत, दुसऱ्या गोळीलाही शाबूत, तिसऱ्या गोळीला मागची टेकडी मेली. मग पुढे सरकलो. मग आणखी पुढे. नेम झपाट्याने सुधारला! अजून थोडा सरकलो असतो तर गोळी हाताने चिकटवता आली असती.

डाव्या डोळ्यातही काहीतरी आहे. ताटलीकडे थेट बघितलं की तिचा मधला भाग विरघळतो. कडेकडेने बघितलं की दिसते. बरं. कडेने बघू.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू.

५ ऑक्टोबर

मर्नाने निळाजांभळा खांदा पाहिला. "हे काय करून घेतलंत?" मी म्हटलं, दारावर आपटला. ती म्हणाली, "दाराला लागलं नाही ना फार?"

११ ऑक्टोबर

ब्रिटा जेवायला आली. नवी रायफल डाव्या खांद्याला लावून दाखवली, तर म्हणाली, "बाबा, तू डावखुरा कधी झालास?"

"उजव्या खांद्यात संधिवात आहे."

"आणि त्यावर औषध म्हणून तोफ आणलीस?"

लायल होताच. रायफल हातात घेऊन म्हणाला, "दाजी, खिंडीतून हत्ती येणारेत का यंदा? दमला असाल तर सांगा हो. मी बसतो." हो तर! किती काळजी! मी म्हटलं, माझी तिरडी खिंडीतूनच निघेल, मग बस.

ब्रिटा यंदा पहिल्यांदाच हाक्यात येणार आहे. "तुला खिंडीत बसलेलं मला एकदा बघायचंय," म्हणाली. छाती फुगली माझी. मूर्ख छाती.

२५ ऑक्टोबर

तळावर आलो. तंबू लावले. बर्फ घोट्याएवढा. लायलने सूप केलंय. चव अशी की मोजे उकळले असावेत. उद्या हंगाम उघडतो. रायफल पुसली, मांडीवर घेऊन बसलो. फार सुंदर वाटतेय. जवळून.

२६ ऑक्टोबर

हाका वर आला. झाडीत तपकिरी काहीतरी हललं. जवळच. मी घोडा अंगठ्याने मागे ओढला, नेम धरला, चाप दाबला.

नुसतं खट् झालं. घोडा ओढला म्हणजे झालं असं घाईत वाटलं. लिव्हर चालवलीच नव्हती. नळीत काडतूसच आलं नव्हतं.

मग ते तपकिरी बोललं. "बाबा, इकडे काही आलं का रे?"

अंगात केशरी बंडी होती तिच्या. डोक्यावर केशरी टोपी. जंगलात शिरणाऱ्या प्रत्येकाला कायद्याने घालावी लागते, अर्ध्या मैलावरून दिसावी म्हणून. मला दिसली नाही.

तळावर उतरून सगळं सांगितलं. डॉक्टरीण, डाग, दोन्ही डोळे, आणि ते खट्. ब्रिटा शेकोटीपाशी बसून राहिली. झोपायची वेळ झाली तरी तिने बंडी काढली नाही.